चुकीच्या बाजूने

सिल्व्हियाने दिली ती मांगा. खाकी कव्हर,
वर माझ्याच अक्षरात: स्टॉक रजिस्टर.
सायनच्या ब्लड बँकेत, रात्रपाळीला,
सवयीने मराठी पुस्तकासारखी उघडली
आणि पहिलंच पान दिसलं: पूल,
कठड्यावर नीट घडी घालून ठेवलेला चष्मा.
म्हणजे शेवट मला ठाऊक होता.
तरी वाचली.

दोन पोरं. उंच पोरगा मारतो,
मग त्याच कपाळावर बर्फ धरून बसतो.
हे प्रेम नाही रे, मी मोठ्याने म्हणालो.
फ्रिज घरघरला. मी पान उलटलं.

हात मात्र काय आहे त्या चित्रकाराचा!
तडकलेल्या काचेत अख्खी खिडकी, खिडकीत वाळत घातलेला शर्ट.
रक्त काळं काढलंय.
मी रोज पिशव्या मोजतो, इतकं काळं कधी पाहिलं नाही,
पण हाताला चिकटलं.

आमच्यातल्या एकाला म्हातारं होऊ द्यायला
किती शाई लागते अशी?
आपटलीच सेंट्रिफ्यूजवर.

पाच मिनिटांत परत उचलली
त्या एका पानासाठी,
जिथे दोघं काही न बोलता संत्रं सोलतात,
एकाच रुमालावर बिया.
किंग्ज सर्कलच्या बागेत मी आणि प्रभंजन
पेरू खायचो, मीठ कागदात.
त्याला आता दोन मुली आहेत. नायगावला असतो.

सकाळी सिल्व्हिया म्हणाली, कशी वाटली?
वाईट आहे, म्हटलं. फार वाईट.
मग दे परत.
राहू दे गं दोन दिवस.