कोळशाचा डबा

मोंढ्यामागे हळद शिजते त्या दिवसांत
कुरुंद्याहून दुधमल सिस्टर आल्या गाडी घेऊन.
दोन हजार चारची आठशे, पांढरी,
दार जरा उचलून लावावं लागतं.
म्हणाल्या, एरवी काही तक्रार नाही,
पेट्रोल भरलं की मात्र पंपावरच रुसून बसते.
आठ सेल, दहा सेल,
मागं फटफट्यांची रांग, पोरं हॉर्न वाजवतात.
आणि आत वास येतो, उस्ताद. तुम्हालाच कळंल कशाचा.

मी बॉनेट उचललं, वाकलो,
श्वास ओढून मान हलवली.
हां, येतोय.

कसला येतोय.
दुसऱ्या लाटेत नांदेडच्या वॉर्डात नऊ दिवस होतो,
नाक तिथंच ठेवून घरी आलो.
बायकोला माहीत आहे, करपल्या दुधावरून कळलं तिला.
गॅरेजात कुणाला नाही.
ज्या नाकावर हे शटर उभं राहिलं,
क्लच जळतोय की वायर,
गाडी दारातून आत यायच्या आधी सांगायचं,
ते आता नुसतं चष्मा ठेवायला.

मग केलं, अंदाजानं जे करतात ते.
प्लग बदलले. फिल्टर बदलला.
पंपाचा दाब बरोबर होता,
तरी पंपावरच संशय घेतला.
अकराशे रुपये.

आठव्या दिवशी सिस्टर परत.
भांडल्या नाहीत.
पर्समधून कापसाचा बोळा काढला, माझ्या नाकाखाली धरला.
कशाचा वास आहे सांगा.
सगळं वसमत ज्यानं भरलेलं असतं तेच म्हणालो,
हळदीचा.

स्पिरिट आहे, त्या म्हणाल्या,
पिराजीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.
मग जरा थांबून,
बोटानं बघा की.
आम्ही नाडी काय हुंगून बघतो?

इंजिन थंड होतं. चालू करून तसंच ठेवलं.
डब्याकडून येणारी बारीक नळी सोडवली,
व्हॉल्व्हच्या तोंडावर बोट टेकवलं.
ओढत होता.
यावेळी तोंड मिटून बसायचं त्यानं,
आणि हा लेकरासारखा माझं बोट चोखतोय.

टाकीतली वाफ कोळशात मुरावी,
गाडी पळायला लागली की इंजिनानं घोट घोट प्यावी,
असा हिशोब असतो कंपनीचा.
इथं झडप सताड उघडी.
टाकी भरली की सगळी वाफ एकदम घशात.
ठसका लागणारच, कुणालाही.

पण वास? तो आत कुठून?
पिराजीनं सायकलचा पंप नळीला लावला, हळू, अगदी हळू.
मी साबणाचं पाणी ब्रशनं फिरवत गेलो.
मागच्या सीटखाली, उन्हाळ्यातल्या टाचेसारख्या भेगा,
तिथं फेस फुगला.
एक बुडबुडा, मग तीन.
टाकीच्या झाकणाचं रबरही वाळल्या चिंचेसारखं.
इतका वेळ गाडीशी गप्प बसून
मी कधी बोललो नव्हतो.

व्हॉल्व्ह नांदेडहून आला, जुन्याच गाडीचा काढलेला.
नळी नवी, झाकण नवं.
पंपावर टाकी भरली. चावी अर्धीच फिरली होती.
मागच्या पोराला हॉर्न वाजवायला सवडच मिळाली नाही.
मी प्लगचे पैसे परत दिले.
सिस्टरनी मोजून घेतले.
म्हणाल्या, लवंग, निलगिरी रोज दोन टाइम हुंगत जा,
आणि टाकी भरल्या भरल्या गाडी घेऊन गेल्या.

डबाही बदलला होता. गळ्यापर्यंत टाकी भरायची सवय,
कोळसा पार भिजून गेलेला.
संध्याकाळी मागच्या अंगणात करवतीनं कापला,
गोणपाटावर उलटा केला.
बाजरीएवढे काळे दाणे.
वीस वर्षांतलं किती पेट्रोल यांनी धरून ठेवलं, सोडून दिलं.
मूठभर घेतले, नाकाशी नेले.
काही नाही.

पिराजी, इकडं ये. कसा येतोय, सांग.
तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला.
डोकं खाजवलं.
उस्ताद, आता कसं सांगू?
वासासारखाच येतोय.