तिसऱ्या मजल्याची ओल

तक्रार करायला म्हणूनच मी जिना चढलो.
पोर्तोत जानेवारीत कपडे वाळत नाहीत,
भिंती तर नाहीतच, ते ठीक;
पण रात्रभर बेकरीत कणीक मळून आलेलो,
पाठ टेकली आणि कपाळावर थेंब.
एक. मग बराच वेळ काही नाही.
मग दुसरा, नेमका त्याच जागी,
पोस्टातल्या शिक्क्यासारखा.

झुल्मिरानं दार उघडलं ते अर्धंच.
ओठांत टाचण्या. माझ्या ओल्या केसांकडे पाहिलं
आणि काही न बोलता
हातात एक घमेलं दिलं.

आत तिच्या छताला डाग,
कडेनं तपकिरी, मध्ये पांढरा,
उकळताना अंडं फुटावं तसा.
प्लास्टर दिवस भरलेल्या बाईसारखं फुगलेलं.
खाली बादल्या, सूपचं पातेलं,
आणि लेकीचा अंघोळीचा टब.
ती लेक लक्झेंबर्गला, आता स्वतः आजी व्हायला आलेली.

"मालकाला कळवलं का?"
तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली.
"आबिलियू, माझा भाडेकरार बहात्तर सालचा.
महिन्याचं भाडं सांगू?
तू शनिवारी रात्री पितोस, तेवढं.
त्यांना फक्त एक कागद हवाय,
इमारत धोक्याची आहे असा.
तो वर छतावर लिहून तयार आहे,
आणि मी त्यांना वाचून दाखवू?"

मी खाली जाऊन झोपायला हवं होतं.
मी स्टूल धरून उभा राहिलो.
ओल्यावर चुना धरत नाही
हे तिला माहीत होतं, मलाही. लावला.
भांडी पलंगाखाली गेली.
जिथे जिथे गळत होतं तिथे खिळा ठोकून सुतळी सोडली:
दोरीवरून पाणी आवाज न करता उतरतं,
हे तिनं शिकवलं.
एक थेंब उरला. तो कशालाच ऐकेना.

मंगळवारी मालकाचा मुलगा टेल्मो आला,
हातात लाल किरण सोडणारं मोजायचं यंत्र.
टप्प.
झुल्मिरानं मशीनचा पायटा दाबला.
सुईत दोरा नव्हता. खाली चादर होती,
नुसती भोकं पडत गेली, ओळीनं.
त्यानं भिंत मोजली. खिडकी मोजली.
"हा कोण?"
"शिकाऊ," ती म्हणाली,
मी नखांतल्या पिठासकट बटणांचा डबा उघडला.
थांबलं की टप्प, म्हणून ती थांबलीच नाही,
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गुडघे,
चादरीची चाळणी होईस्तोवर.

निघताना त्यानं वर पाहिलं.
ओल्या चुन्याचा रंग कुणालाही कळतो.
त्याचं पाणी मला जोखता आलं नाही.
"इथे गारवा फार आहे," एवढंच म्हणाला
आणि छत्री उघडली,
अजून घरात असतानाच.

नोटीस आलेली नाही.
फेब्रुवारी लागला, नदीवरचं धुकं दुपारीही उठत नाही.
मी खाट सरकवली, आता पाय दाराला लागतात;
जुन्या जागी तिचं घमेलं.
पाणी कुठे मुरतंय
ते अख्ख्या जिन्याला ठाऊक आहे.

परवा तळमजल्यावरचा बेल्मिरू भेटला,
किल्ल्या बनवणारा.
रुमालानं टक्कल पुसत वर येत होता.
मला पाहून थांबला. तोंड उघडलं.
मी खिशातून
सुतळीचा गुंडा काढून त्याच्या हातावर ठेवला.