सात मिनिटं

पोलोग्राउंडच्या मागच्या गल्लीत आमचा डब्यांचा कारखाना.
कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर, घाट पाडायचं एक मशीन,
दोन लांब टेबलं, खळीची पातेली
आणि अकरा माणसं.
इंदूर गोड खातं, तिखट खातं,
आम्ही दोन्हींसाठी पुठ्ठा दुमडतो.

तात्या गेले, किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला आला.
पहिल्याच आठवड्यात कळलं,
इथे कुणी बोलतच नाही.
'जी भाभीजी' म्हणतात, आणि हात चालू.

नणदेच्या मुलाने पुण्याहून कागद पाठवला,
माणसं खूश कशी ठेवावीत, मुद्दे चौदा.
मी भिंतीवर फोटो लावला : महिन्याची मानकरी, रामकन्याबाई.
तिसऱ्या दिवशी ती जेवायला एकटीच बसलेली दिसली.
फोटो उतरवला.
मग पातालपाणीची सहल काढली.
रविवार गेला म्हणून सगळे मनातून रुसले,
पुरीभाजी मात्र मुकाट्याने खाल्ली.

आणि एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत,
धन्नालाल दारात उभा. पायताण बाहेर, मान खाली.
'भाभीजी, घड़ी रह गई।'
कसली घडी?
'बाबूजी रोज़ इसी टाइम... सात मिनट पीछे।
स्टूल पर मैं ही चढ़ता था।'

तो मला आठवण करून देत होता.
चोरी राहून गेली, म्हणून.

रात्री पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला.
सात गुणिले अकरा, वर्षाचे तीनशे दिवस,
वर्षं एकोणीस. माणसं बदलली असतील, हिशेब ढोबळ.
सात हजार तीनशे पंधरा तास.
एका माणसाची तीन वर्षं, रविवार वगळून.
कुठे गेली ती?
गच्चीच्या फरशीत? यांच्या कॉलेजच्या फीमध्ये?
माझ्या लग्नातल्या शालूच्या काठात?
तात्या वाईट नव्हते. सुगनबाईच्या बाळंतपणात
मध्यरात्री रिक्षा त्यांनीच आणली होती.
हेही त्याच पुठ्ठ्यावर लिहिलं,
पण कुठून वजा करावं ते कळेना.

सकाळी भाषण पाठ करून गेले आणि विसरले.
म्हटलं, घड्याळाला आता कुणी हात लावायचा नाही.
आणि दर दिवाळीला एकेका वर्षाची बाकी फेडीन,
माणशी पस्तीस तास.
इक्राम चारच वर्षांचा, त्याने बोटं मोजली.
धन्नालाल एकसष्ट.
त्याची सगळी आधी, असं रामकन्याबाईनेच ठरवलं,
मला न विचारता.
टाळ्या नाहीत, डोळ्यांत पाणी नाही.
एकाने पातेलं सरकवलं. तेवढंच.

त्या संध्याकाळी सहा वाजले
आणि एकही जण उठला नाही.
रिकामे हात टेबलावर ठेवून
सगळे बसून राहिले सवयीने,
सहा वाजून सात मिनिटांपर्यंत.
मीही बसले.

आता महिना झाला. कारखान्यात कल्ला असतो.
खळीला वास येतो, स्वस्तातली आणलीत.
ही डाय कुण्या आंधळ्याने बनवली?
इक्राम तर म्हणतो, तुमचा भाव पाडून डबे देणं
म्हणजे आमच्याच बोटांवर उधारी.
घरी येते तेव्हा कान दुखत असतात.
पुण्याच्या कागदात या दुखण्याचा मुद्दा नव्हता.

काल सुगनबाई म्हणाली, टेबल चार बोटं उंच करा.
मी म्हटलं, बघू.
तिने माझा दंड धरला, स्टूलवर बसवलं,
हातात ब्रश दिला.
चाळीस डबे चिकटवून घेतले माझ्याकडून,
कोपरा सुटला की उसवून पुन्हा.
मी पाठीला हात लावून उठले, तेव्हा म्हणाली,
'अब बोलो।'