कारणाचा रकाना

काट्याला निळी झोळी, झोळीत गुंजन टेकाम.
अडीच वर्षं उलटून गेलीत.
सात किलो आठशे.
काटा थरथरतो तोवर मी श्वास धरते,
जणू मी सोडला की तो आणखी एक रेघ मागे येईल.

पोट तेवढं भरल्या घराचं,
हातपाय तुराट्या.
रस्त्याचं माप घ्यायला आलेला एक जण म्हणाला होता,
वा, खात्यापित्या घरची दिसते.

पोडावर त्यांच्या घराच्या कुडाला
तिच्या तोंडाच्या उंचीवर एक खळगा आहे.
नखानं पोपडा काढते, जिभेवर ठेवते,
डोळे मिटते.
उन्हाळ्यात होता तिथंच आहे खळगा.
पोर वाढली असती
तर तोही वर सरकला असता ना.

जयवंता सांगते,
"रातभर दात खाते, बाई, पोट्टी.
सपनातई जेवते का काय माईत."

ऑगस्टात गोळ्या आल्या.
दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यात कालवली.
बाकीची लेकरं थुंकली, रडली, पळाली.
गुंजननं चमचा चाटला
आणि पुन्हा तोंड उघडलं.
खडूसारखी लागली असेल,
तिच्या ओळखीची.

तिसऱ्या दिवशी जयवंता दारात.
निंदण अर्धं टाकून आलेली, पोटऱ्यांना चिखल,
हातात पळसाच्या पानाचा पुडा.
"हे पाय. तुह्या गोयीनं काय टाकलं तिच्या पोटात."
मी पुडा उघडला.
मोजले नाहीत.
तिनं मोजले होते: सतरा.

मी म्हटलं, टाकले नाहीत गं, निघाले.
ती पानाकडं बघत राहिली.
पलीकडं खिचडी खाली लागल्याचा वास आला,
तरी दोघी उठलो नाही.
मग म्हणाली,
"म्हंजे मी भरवत होती थे यायले?"

प्रशिक्षणात पाठ केलेलं सगळं तोंडाशी आलं:
नखं, साबण, झाकलेलं पाणी, चप्पल, संडास.
संडास आहे त्यांच्याकडं.
दार आहे, दारावर नंबर आहे,
आत तुराट्या रचल्यात,
त्यांच्यावर कोंबडी उबवणीला बसली आहे.
बोरिंग उताराखाली, नऊ घरांत एक.
पुड्यासाठी खड्डा खणायला मागे गेले
तेव्हा माझ्याही पायात
काही नव्हतं.

आठवड्यानं पुन्हा झोळी.
सात किलो सातशे.
मोबाइल लाल झाला.
वजन घटले. कारण निवडा:
आजारपण. स्थलांतर. आहार मिळाला नाही. इतर.
इतर दाबलं.
नमूद करा, म्हणाला.

मी लिहायला घेतलं,
की हे शंभर ग्रॅम तिचे नव्हतेच.
की इतके दिवस मी गुंजनच्या नावावर
आणखी सतरा जणांची नोंद ठेवत होते,
आणि तिच्या वाटणीच्या सातूच्या पाकिटावर
अंगठा जयवंताचा होता, सही माझी,
आणि जेवत कोण होतं
ते दोघींनाही
अक्षरमर्यादा संपली.
सगळं खोडून लिहिलं: आजारपण.

मॅडमचा फोन आला, लाल का वाढला तुमच्याकडं?
म्हटलं, वाढला नाही, निघाला.
त्यांना ऐकू गेलं नाही. पोडावर रेंज अशीच.

फेब्रुवारीत पुन्हा गोळी येईल.
माती तर रोजच आहे.

मंगळवारी घरी गेले तर
कुडाचा खळगा शेणामातीनं लिंपलेला.
ओल्या लिंपणावर चार बोटांचे ताजे ओरखडे,
जुन्या जागेहून जरा वर.
मी वीत लावून बघू लागले,
पुन्हा बघितलं, हसू आवरेना.

जयवंता चुलीपुढून, मान न वळवता:
"टाचा उचलून उभी होती थे."