अंगठा

सोनापुरात राहतो म्हटलं
की मुंबईचा मावसभाऊ हसतो.
त्यांच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान.
इथे दुबईच्या कडेला, वाळूत,
ते लेबर कँपचं नाव आहे,
आणि मी खोली नंबर दोनशे चौदामध्ये
वरच्या बंकवर, पाय दुमडून, जिवंत असतो.

पहाटे चार पस्तीसला, बसमध्ये चढण्याआधी,
मशीनवर अंगठा ठेवायचा.
मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा.
पँटला पुसून ठेवला. पुन्हा ठेवा.
मागे रांग. मोतालिब म्हणाला, थुंकी लाव.
लावली.
ओळख पटली नाही.
टाइमकीपर बायजू हसला, सिमेंट रेषा खातं,
लादीवाल्यांचं असंच.
मी मान हलवली.
सिमेंटचं नाव पुढे केलं की बरं असतं.

अंगठा रात्री कुठे असतो
ते एकट्या मलाच ठाऊक होतं.
चादर डोक्यावरून, आत निळा उजेड,
तेरा पत्ते.
पहिल्यांदा बावीसशे रुपये जिंकलो,
ते मनवाच्या सायकलीत घातले.
ती सायकल दोन वर्षं
मी स्वतःलाच दाखवत आलो, पुरावा म्हणून.

मग हरलो तर वसूल करायला खेळलो,
जिंकलो तर नशीब उघडलंय म्हणून,
आणि शेवटी शेवटी पैशाचंही काही नव्हतं,
फक्त पत्ते वाटले जातानाचा तो क्षण हवा असायचा,
पानं अजून पालथी,
आणि मी कुणाचाच काही लागत नाही.

सुगंधाला सांगितलं, ओव्हरटाइम बंद आहे.
मग, कंपनीने पगार अडकवलाय.
मग, खोलीतल्या पोराचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं,
त्याला दिले.
त्या पोराला मी नावही ठेवलं होतं, यादगिरी.
ती दर शुक्रवारी विचारायची,
त्याचे टाके सुकले का.

त्या दिवशी एकतिसाव्या मजल्यावर
बाथरूमची शेवटची लादी हातात होती.
कानावरची पेन्सिल काढली
आणि लादीच्या पाठीवर मांडला हिशेब,
पोलादपूरच्या शाळेत शिकलो तसा, हातचा धरून.
खाली आकडा आला.
पुन्हा केला. तोच आला.
तेवढ्यात फोरमन ओरडला.
मी आकड्यावर माल थापला, लादी बसवली,
रबरी हातोडीने ठोकली, लेव्हल पाहिली.
चोख.
आता कुणीतरी रोज त्याच्यावर उभं राहून
आंघोळ करणार.

पण मला तो पाठ झाला होता.
रात्री पाण्याच्या टाकीमागे जाऊन फोन लावला.
म्हणालो, यादगिरी नावाचं कुणी नाही.
पलीकडे मिक्सर चालू होता. तो थांबला.
पुढचं सगळं एका दमात बोललो.
ती रडेल, शिव्या घालेल, फोन आपटेल,
सगळ्याची तयारी ठेवली होती.
ती म्हणाली, आकडा सांग.
सांगितला.
परत सांग, सावकाश. लिहून घेते.
पेन चालल्याचा आवाज
मला समुद्रापलीकडून ऐकू आला, शपथ.
मग म्हणाली, आता बँकेचा पासवर्ड.

सुटलं, असं नाही म्हणत.
नवव्या दिवशी सेल्वमच्या फोनवर
चाळीस दिरहम घालवले
आणि बूटही न काढता तिला कळवलं.
ती म्हणाली, लिहिलं.
झोपेत अंगठा अजून हलतो म्हणे.
मोतालिब सांगतो, चादरीवर घासत असतोस,
पत्ता ओढल्यासारखा.
आता रात्री माझा फोन त्याच्या उशीखाली,
त्याची पानमसाल्याची पुडी माझ्या.
दोघंही नीट झोपत नाही.

मशीनमध्ये बायजूने डाव्या हाताचं बोट नोंदवून घेतलंय.
उजवा अंगठा आता कामापुरता.
दोन लाद्यांमधल्या फटीत ग्राउट भरून झालं
की वरून तोच फिरवावा लागतो, ओला करून,
एकदाच, न थांबता,
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.