मालकाचे म्हणणे

जॉबकार्डावर चौथा रकाना : मालकाचे म्हणणे.
दोन ओळींची जागा.
तिसरी लिहायला गेलं तर स्क्रीन घेत नाही.

अंबडला आमचं वर्कशॉप. काचेच्या अलीकडे कॉफी,
पलीकडे लिफ्टवर टांगलेली, पोट उघडं टाकलेली
दीड कोटीची गाडी.
शून्य ते शंभर, चार पूर्णांक सहा सेकंदांत.
नऊ एअरबॅगा.
मागच्या सीटला पाठ रगडायचे दहा प्रकार,
त्यातल्या एकाचं नाव ‘गरम दगड’.
लहानपणी पाढे होते तसं हे सगळं मला पाठ आहे.

बोरस्ते साहेबांची द्राक्षं जातात रॉटरडॅमला,
साहेब जातात मुंबईला. दर मंगळवारी, मागे बसून.
गाडी घेऊन आला सुकदेव गांगुर्डे.
चप्पल बाहेर काढायला निघाला होता, मी नको म्हटलं.
म्हणाला, कसाऱ्याचा घाट उतरताना
ब्रेक पोकळ लागतो.
दर खेपेला नाही. गाडी तापलेली असली
आणि पुढे कंटेनर असला, की मग.
“अर्धा क्षण पाय खाली जातो,
आणि खाली कुणीच नसतं.”

साहेब काय म्हणतात?
“साहेब झोपलेले असतात.”

लॅपटॉप जोडला. गाडीनं भडाभडा सांगितलं सगळं :
टायरमधली हवा, डाव्या आरशाचा कोन,
मागच्या मंगळवारी चालकाला दोनदा पेंग आली तेसुद्धा.
ब्रेकचं विचारलं तर :
दोष आढळला नाही.

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता वरून ठरून आलेला.
पाथर्डी फाटा ते विल्होळी आणि माघारी. सगळा सपाट.
या रस्त्यावर आजवर कुठल्याच गाडीत
काही निघालेलं नाही.

साहेबांना फोन लावला.
“गाडी एक नंबर आहे हो. ड्रायव्हरचं काय ऐकता?
एसीला वास मारतोय, तेवढं बघा.”
लिहिलं : एसीला वास येतो.

कंपनीच्या हिशेबात
पाच मालकांनी एकच गोष्ट सांगितली
की मग ती गोष्ट होते.
सध्या तीन आहेत. पुण्याचा एक भूलतज्ज्ञ,
सांगलीचे दोघे.
सुकदेव त्यात धरत नाहीत.

जेवणानंतर मी विल्होळीला वळलोच नाही.
घोटीचा टोल स्वतःच्या खिशातून भरला.
इगतपुरीला धुकं होतं, मग नव्हतं,
मग घाट.
मी चालवतोय, सुकदेव डावीकडे,
आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, मोकळ्या हातांनी.
हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.

ब्रेक लागला.
पुढच्या वळणावर लागला. त्याच्या पुढच्याही.
खाली पोचेपर्यंत दर वेळी
ब्रोशरमध्ये छापलाय तसा लागला.

फक्त दर वळणाआधी, माझ्या पायाच्या आधी,
त्याचा उजवा पाय
मॅटवर दाबला जायचा, जिथे पॅडल नाही तिथे,
आणि तिथेच थांबायचा, गाडी सावरेपर्यंत.
त्याला ते ठाऊक नव्हतं.
तो कंटेनरकडे बघत होता.

परत आलो. एसीचा वास खोडला.
मालकाचे म्हणणे : घाटात ब्रेक पोकळ लागतो.
अर्धा क्षण खाली कुणीच नसते.
बरोबर दोन ओळी झाल्या. स्क्रीननं घेतल्या.
पाचवा रकाना : मालकाची सही.
“नेहमी मीच करतो,” सुकदेव म्हणाला,
पेन घेतलं, खुर्चीच्या कडेला टेकला,
आणि स्वतःचं नाव लिहावं तितक्या सावकाश
त्यानं लिहिलं
बोरस्ते.