आरु

डॉक्टर इंचलांनी भूल गळ्यापुरतीच दिली.
म्हणाले, बोलत राहा,
आवाज ऐकत ऐकतच कापायचं असतं.
काय बोलू?
आकडे म्हणा.
मराठीत की कन्नडात?
हिरव्या कापडाआड कुणीतरी हसलं.

ओंदु, एरडु, मूरु...
वखारीत तंबाखूची बोदं तोलताना
हमाल ज्याची नक्कल करायचे
तोच, किनरा.
नाल्कु. ऐदु.
कूर्चेची एक पट्टी निघाली,
तार सैल झाली
आणि आरु
दुसऱ्याच कुणाच्या छातीतून आला.
मी मान वळवून बघणार होतो.

आठ दिवस पाटीवर लिहून बोललो.
नवव्या दिवशी, निपाणीत,
गॅस एजन्सीचा फोन.
हॅलो म्हटलं.
'सर, तुमचा नंबर लागलाय.'
एकोणचाळीस वर्षं 'हां मॅडम' ऐकलेला मी
सवयीनं म्हणालो,
'मॅडम बाहेर गेल्यात.'